आधी समोरचा कोपरा

बाहेर उणे एकतीस.
खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची जाळी धरलीय,
दूध आम्ही बाल्कनीत ठेवतो, फ्रिज नुसता शोभेला.
आणि माझ्या पोराच्या टेबलाखाली
वीतभर लांबीची एक वस्तू
उकाड्याने मरते आहे.

मरते म्हणजे: आधी पंखे किंचाळतात,
मग पडद्यावर ड्रॅगनचं तोंड चौकोनी तुकड्यांत फाटतं,
मग काळोख,
मग उर्तनासानची शिवी,
जी मी ऐकली नाही असं आमच्यात ठरलेलं आहे.

उर्तनासान म्हणजे दीर्घायू. नाव आजोबांनी ठेवलेलं.
ग्राफिक्स कार्ड त्याने नारान्तूलच्या बाजारातून आणलं, जुनं.
विकणारा म्हणाला, एका मुलीचं होतं, ती फक्त फोटो बघायची.
घोडा विकतानाही असंच सांगतात:
म्हातारीचा होता, फक्त मठापर्यंत जायचा.

पंधरा दिवस पोराने सगळं करून पाहिलं.
ड्रायव्हर काढला, घातला, त्याच्या आधीचा घातला.
वेग उतरवला. मित्राचा पॉवर सप्लाय मागून आणला.
डबा उघडा करून खिडकीशी ठेवला,
तेव्हा त्याचे हात गारठले, कार्ड नाही.
शनिवारी शेवटी कार्डच उघडलं.
पात्यांमधून कोळशाच्या काजळीची अखंड वाकळ निघाली
(उलानबातरभर चुली पेटतात,
ते सगळं कुठेतरी जाऊन बसतंच).
आतली पेस्ट वाळून आरूलसारखी खडखडीत,
नखाने उडणारी.
पुसली. नवी लावली. चार स्क्रू आवळले.
रात्री पुन्हा काळोख.

"सरासरी अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला, कुणालाच नाही.
"आणि एकाच ठिकाणी एकशे चार. एकाच!"

मी रात्रपाळीला निघाले होते.
तीन नंबरचा बॉयलर, बावीस वर्षं.
एक पाय बुटात, एक नुसत्या मोज्यात, तशीच थांबले.
एकाच ठिकाणी?

स्क्रू कसे आवळलेस?
"घट्ट."
कुठल्या क्रमाने, विचारतेय.
त्याने हवेत बोटाने गोल काढला: एक, दोन, तीन, चार.

याच गोलापायी आमच्याकडे एकदा
फ्लँज एका बाजूने उचलला होता.
पुरेवजावची डावी भुवई अजून आलेली नाही.

मी बूट काढला.
पुन्हा उघडायला लावलं सगळं.
एका कोपऱ्यात पेस्टचा जाड थर, लोण्यासारखा,
समोरच्या कोपऱ्यात लख्ख धातू, जवळजवळ आरसा.
झाकण तिरकं बसलंय तुझं, म्हटलं, दुसरं काही नाही.

पुसलं. तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट. आणि मग
अर्धा फेरा. आता समोरचा कोपरा. अर्धा.
आता हा. आता ह्याच्या समोरचा.
मनगट नको, बोटं.
थांब.
पुन्हा अर्धा.

माझ्या हाताला भाकरीएवढ्या नटांची सवय,
ह्या स्क्रूचं डोकं तिळाएवढं.
म्हणून हात लावला नाही, नुसती बोलत राहिले,
पाळीवर नव्या पोरांशी बोलते तशी.
बस चुकली.

सरासरी एकाहत्तर. त्या ठिकाणी ब्याऐंशी.
अर्धा तास आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो,
दूध उतू जाईल म्हणून बसावं तसं.
ब्याऐंशीच.
मग ड्रॅगन मेला.

"तुमच्या वाफेला किती डिग्री असतात गं?"
पाचशे चाळीस.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
दुकानाच्या काचेतून
न परवडणाऱ्या मशीनकडे बघतो तसं.

सकाळी आठला परतले.
तो खुर्चीतच झोपलेला, हेडफोन गळ्यात,
त्यातून कुणीतरी दूरदेशीचं अजून हाका मारतंय.
पंखे इतके हळू, की कान द्यावा लागला.
मी चहात मीठ टाकलं, मोजे काढले,
आणि पाय
टेबलाखाली सरकवले.